इमानवाली

माझ्या वडिलांचं सांगलीत सायकलचं दुकान आहे, हळदीच्या पेठेला लागून. दुकान म्हणजे आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं, एवढंच. सायकली आता कमी झाल्या, पण शाळेच्या मुली आणि पेठेतले हमाल अजून येतात, आणि येईल त्या प्रत्येकाला पंक्चर निघेपर्यंत एक गोष्ट ऐकावी लागते. वडील ट्यूब पाण्यात बुडवतात, बुडबुडे बघतात आणि मान वर न करता विचारतात, "विमान कुणी काढलं, ठावं हाय?"

गिऱ्हाईक बिचारं घाईत असतं. "कुणी काढलं?"

"सायकलवाल्यांनी! अमेरिकेत दोघं भाऊ होते. सायकलीचं दुकान होतं त्यांचं, माझ्यासारखंच."

मग खिळ्याला अडकवलेली साखळी काढून ती गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायची. पहिल्या विमानाचे पंखे सायकलीसारख्या साखळीनंच फिरत होते, हा त्यांचा पुरावा. एका शिकलेल्या गिऱ्हाइकानं एकदा त्यांना सुनावलं, "काका, आपल्याकडं आधीपासनं पुष्पक विमान होतं." वडील ठिगळावर अंगठा दाबत म्हणाले, "आसंल की. त्याचं पंक्चर कोण काढत होतं?"

मी लहानपणापासून भांडखोर. शाळेत असताना ही गोष्ट शंभराव्यांदा ऐकून माझं डोकं सरकलं आणि मी विचारलं, "भावांनी विमान काढलं, मग घरातल्या पोरी काय करत होत्या? भाकरी?" वडिलांनी ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवली. दोन-चार दिवसांनी जेवताना एकदम म्हणाले, "त्येंना एक बहीण होती. मास्तरीण. भाऊ विमानातनं पडला, हाडं मोडली, तवा तिनं शाळा सोडली, त्याच्या उशाला बसली आणि त्याला उभा केला." मला वाटलं, माझी समजूत घालायला बापानं एक बहीण पैदा केली. पुढं कॉलेजच्या वाचनालयात एका पुस्तकात ती मला सापडली. खरीखुरी. मास्तरीणच. त्या दिवशी मी वाचनालयात एकटीच हसत बसले आणि तिथल्या बाईंची बोलणी खाल्ली.

विमान जवळून बघायचं म्हणून वडील मला एकदा एसटीनं कराडला घेऊन गेले होते. तारेच्या कुंपणाला नाक लावून आम्ही बराच वेळ उभे राहिलो. विमान नव्हतंच. दोन कुत्री होती आणि एक राखणदार होता, आणि तिघंही झोपलेले. मी रडकुंडीला आले. वडील मात्र खूश. "धावपट्टी तर बघ की गं! कसला गुळगुळीत रस्ता. हितं सायकल काय पळंल!"

असं माझं विमानविद्येचं शिक्षण.

लग्न होऊन मी कडेगाव तालुक्यात आले. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. आमच्या आत्ती पूर्वेकडच्या माळावरच्या, मेंढरांमागं चालत मोठ्या झालेल्या. पुढं कालव्याचं पाणी आलं, माळावर ऊस उभा राहिला आणि मेंढरं कमी कमी होत दाराशी बांधण्यापुरती उरली. त्यांच्याशी मात्र आत्ती घरातल्या माणसांपेक्षा जास्त बोलतात, आणि जास्त गोडही.

नवी नवरी असताना एका दुपारी आम्ही दोघी अंगणात शेंगा फोडत बसलो होतो. आत्तींनी कपाळावर हात धरून वर बघितलं आणि म्हणाल्या, "इमान चाललं बग."

मी दचकले. मला वाटलं, गावात कुणीतरी कुणाला फसवलं. मी हळूच विचारलं, "कुणाचं?"

"मला काय म्हाईत कुणाचं! सरकारचं आसंल."

मग मी वर बघितलं. निळ्या आभाळात पांढरी रेघ ओढत विमान चाललं होतं. आत्तींच्या बोलण्यात विहिरीची इहीर होते, विळ्याचा इळा होतो आणि विमानाचं इमान. मी हसून लोळायची बाकी राहिले. कशाला हसते हे त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग त्यात काय? एवड्या उच्चीवरनं मानसं न्हेतंय, खाली टाकत न्हाई. इमानच की ते."

त्या दुपारी मी त्यांना फुग्याची गोष्ट सांगितली. विमानाच्याही कितीतरी आधी फ्रान्समध्ये दोघा भावांनी, कागदाच्या कारखानदारांच्या पोरांनी, गरम हवेचा भलामोठा फुगा केला. त्यात माणूस चढवायची छाती होईना. वर हवा कशी असेल, श्वास घेता येईल का, कुणाला ठाऊक? म्हणून खालच्या टोपलीत एक मेंढरू, एक बदक आणि एक कोंबडा घातला आणि राजासमोर फुगा सोडून दिला.

आत्तींच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मेंढरू? आपलं मेंढरू?"

"त्यांच्याकडचं. पण मेंढरूच."

"मंग? मेलं का?"

"नाही. नीट खाली उतरलं."

"मंग कापलं आसंल मेल्यांनी."

"नाही हो. राजानं पाळलं."

आत्ती बराच वेळ दाराशी बांधलेल्या मेंढरांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मानसाच्या आदी मेंढरू उडलं." मी बदक आणि कोंबड्याची आठवण करून दिली, तर त्यांनी हात झटकला. "त्येंला पंख हायती. त्येंचं काय कवतिक!"

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात विमानाच्या शोधाचे दोन पक्ष झाले. वडील दिवाळीला आले की जेवणं होईपर्यंत कसेबसे गप्प बसायचे, पुढं सुरू. "विहीणबाई, मेंढरू उडलं न्हाई. त्याला उडवलं."

"आन् इवाई, तुमचं भाऊ काय सायकलीवर बसून पायंडल मारत उडलं व्हय? वारंच न्हेतंय समद्यांला."

व्याह्यांनी म्हणायचं चाक आधी, विहिणीनं म्हणायचं मेंढरू आधी. माझा नवरा साखर कारखान्यात पाळीवर असायचा, तो सुटायचा. मध्ये मी सापडायची.

मग आमच्या बचत गटाला सरकारी योजनेतून ड्रोन मिळाला. उसावर फवारणी करायचा. ऊस डोक्याच्या वर गेला की आत पंप घेऊन माणूस शिरत नाही. पातं अंग कापतं, खाली काय वळवळतंय ते दिसत नाही. हे यंत्र वरून जातं, पोटाखालच्या नळ्यांतून बारीक धुकं सोडतं. चालवायला कोण, असा प्रश्न आला तेव्हा गटातल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तू शिकलेली हाईस, आन् तुजा बा सायकलवाला." गावाच्या हिशेबानं ही मोठी लायकी होती.

मी पुण्याला जाऊन शिकून आले, परीक्षा देऊन परवाना आणला. पहिल्यांदा माझ्या बोटांनी ते यंत्र जमिनीवरून उचललं, तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो. पाय मातीवर होते, पण झोक्यावर बसून वर गेल्यासारखं वाटलं. मी कधी विमानात बसले नव्हते. अजूनही बसलेली नाही. पण त्या क्षणी ती मास्तरीण, ते मेंढरू, कराडच्या कुंपणाला लावलेलं माझं नाक, सगळं माझ्या दोन अंगठ्यांत उतरलं. हे काम मला हवं होतं. इतकं हवं होतं की बोलून दाखवायची लाज वाटायची.

गावात पहिल्यांदा उडवायचा दिवस ठरला. उसाच्या बांधावर सगळा गाव जमला. नव्या ट्रॅक्टरला जे जे करतात ते सगळं झालं: हळदकुंकू, नारळ, पेढे. हार मात्र मी घालू दिला नाही. पंख्यात अडकेल म्हणाले आणि स्वतःच्या शिस्तीवर खूश झाले. लिंबू-मिरचीही परत पाठवली. सगळ्यांना मागं उभं केलं, यंत्र चालू केलं, माणसाच्या उंचीवर आणून थोडं फवारून बघितलं. पोटाखालचा भाग ओला झाला. सगळं ठीक चाललं होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" आणि भंडाऱ्याची एक मूठ यंत्रावर गेली. मग दुसरी. आत्ती होत्या. माहेरच्या देवाचा भंडारा त्यांनी कनवटीला बांधून आणला होता. पंख्यांच्या वाऱ्यानं हळदीचा ढग फिरला, सगळं यंत्र पिवळं झालं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, मलाही ते फार आवडलं. माझ्या सासूनं माझ्या यंत्रावर भर गावात भंडारा उधळला होता.

आणि यंत्र बिथरलं. एकदम वर गेलं, खाली आलं, तिरकं झालं आणि लोकांच्या डोक्यांवरून निघालं. बायका किंचाळल्या, म्हातारी माणसं बांधावरून घसरली, पोरं वाट फुटेल तिकडं पळाली. मी कसंबसं ते उसाकडं वळवलं. कडाड् आवाज झाला आणि ते उसात गेलं. पंख्यांची पाती तुटली, पाण्याची टाकी कुणाच्यातरी वैरणीच्या कडवळात जाऊन पडली. कुणाला लागलं नाही. पण पेढ्याचं ताट घेऊन उभी असलेली बाई पेढे न वाटताच घरी गेली.

घरी आणून मी यंत्र उलटं केलं. त्याच्या पोटाखाली डोळ्यासारखी एक काच असते. जमीन किती खाली आहे हे त्याला तिच्यावरून कळतं. त्या ओल्या काचेवर भंडारा बसला होता आणि वाळून त्याचा जाड लेप झाला होता, नवरीच्या गालावर असतो तसा. यंत्र आंधळं झालं होतं.

मी ओरडायला तोंड उघडलं. माझा स्वभाव असा, की तोंड उघडलं की ते रिकामं मिटत नाही. तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या आत्ती म्हणाल्या, "दिष्ट लागली गं पोरी. लय लोक जमलं हुतं. बरं झालं मी भंडारा टाकला. म्हणून तर कुणाला लागलं न्हाई."

मी तोंड मिटलं. आत्तींकडं पाठ करून ओल्या फडक्यानं काच पुसली, त्या उठून गेल्यावर फडकं चुलीत टाकलं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

मग वावड्या उठल्या. आमच्या आळीत म्हणत होते, यंत्रानं माणसांवर औषध मारलं. पलीकडच्या आळीत पोचेपर्यंत दोघांना चक्कर आली. कडेगावच्या बाजारात पोचेपर्यंत तिघं दवाखान्यात होते. वावडी म्हणजे मूळचा पतंग, पण पतंगाला खाली धरलेला दोरा तरी असतो. या वावड्यांचा दोरा कुणाच्याच हातात नव्हता. साताऱ्याहून कंपनीचा माणूस नवी पाती घेऊन आला, यंत्र ठणठणीत झालं, पण फवारणीला कुणी बोलवेना. गटातल्या बायकांनी मला विचारलं, "कशानं झालं गं?" मी म्हणाले, "वारं आलं." त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. त्या दिवशी झाडाचं पान हललं नव्हतं आणि हे सगळ्या गावानं बघितलं होतं.

"तुज्या हातालाच येत न्हाई मंग," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. वाईट मनानं नाही, कोरडेपणानं. नागपंचमी झाली की बैठक घ्यायची आणि यंत्र परत द्यायचं ठरलं. दुसऱ्या तालुक्यातला एक गट ते मागत होता.

त्या दिवसांत मी घरातली भांडी इतकी आपटली की मेंढरंसुद्धा मला बघून सरकायला लागली. राग आत्तींवर नव्हता असं म्हणणार नाही. होता. सकाळी त्या चहा घेऊन माझी वाट बघत बसायच्या तेव्हा जास्तच यायचा. एक शब्द बोलले असते तर माझं काम माझ्याकडं राहिलं असतं. पण त्या शब्दानं आत्तींची काय अवस्था झाली असती, ते मला दिसत होतं. गावानं त्यांना आयुष्यभर ऐकवलं असतं, आणि त्याहून वाईट म्हणजे देवासमोर भंडारा उधळताना त्यांचा हात अडखळला असता. त्या हाताला भीती शिकवायची माझी छाती झाली नाही.

पंचमीला लेकीला माहेरी न्यायला जो येतो त्याला मुराळी म्हणतात. बहुधा भाऊ येतो. मला भाऊ नाही, त्यामुळं दरवर्षी वडीलच मुराळी होऊन येतात. यंदाही आदल्या दिवशी दुपारी आले, गुळाची ढेप घेऊन. पाणी पिऊन झाल्यावर पहिली मागणी, "यंत्र दाव."

पुढच्या सोप्यात मी ते काढून दिलं. वडिलांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, ते लग्नकार्यालाही खिशात ठेवतात. एकेक आटा बघत, मान डोलवत ते पोटापर्यंत आले. काचेच्या डोळ्याकडच्या खाचेत नख घातलं, ते वास घेऊन बघितलं. पुन्हा घेतला.

"हळद?"

"बाबा, चहा घ्या."

"आगं हळद हाय ही! जलम गेला माजा पेठंच्या दारात. यंत्राच्या डोळ्यापाशी हळद कुटनं आली?"

मी त्यांच्या पायावर पाय दिला. वडील मोठ्यांदा म्हणाले, "पाय का देतीस?"

दारात आत्ती चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवले. वडिलांच्या पिवळ्या नखाकडं बघितलं, मग यंत्राकडं, मग माझ्याकडं.

"तुला कवा कळलं?"

"त्याच दिवशी."

"आन् बोलली न्हाईस."

आत्ती वळल्या आणि मेंढरांकडं निघून गेल्या. अंधार पडेपर्यंत तिकडंच होत्या. वडील खजील होऊन म्हणाले, "मी काय वाईट बोललो का गं?" मी म्हणाले, "नाही. तुम्ही पंक्चर शोधलंत, दुसरं काय." आणि मला रडू आलं. वडिलांनी मला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी पंचमी. त्या दिवशी आमच्याकडं रानात औत जात नाही, खुरपं लागत नाही, घरात काही चिरत नाहीत, तवा चुलीवर चढत नाही. पुरणाची दिंडं वाफवतात. सकाळी बायका वारुळाला दूध-लाह्या घालून आल्या आणि ओढ्याकाठच्या चिंचेखाली जमल्या. फांदीला कासऱ्याचा झोका बांधलेला. पुरुषांतले निम्मे शिराळ्याला नागांच्या यात्रेला गेलेले, उरलेले पारावर. कुणाला काही काम नाही. सगळ्या वर्षात असा दिवस एकच.

मी माहेरी गेले नव्हते. बैठक होईपर्यंत इथंच थांबणार, असं वडिलांना सांगितलं, तर तेही थांबले.

झोक्यावर पोरींची रांग होती. आत्ती पुढं आल्या आणि म्हणाल्या, "मला बसू द्या." पोरी हसल्या. कुणी म्हणालं, "आवं आत्ती, कासरा तुटंल!" आत्तींनी लक्ष दिलं नाही. पदर खोचला, बसल्या. दोघींनी झोका दिला. वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर. एवढ्या वर, की त्यांची पावलं चिंचेच्या पाल्यात शिरली. खाली बायका गाणं म्हणत होत्या. मग आत्तींनी पाय मातीला लावला आणि झोका थांबवला. उतरल्या नाहीत.

"आयका," त्या म्हणाल्या. गाणं थांबलं. "त्या दिशी भंडारा म्या उधळला. समद्यांनी बगितलंया. इमानाला खाली डोळा आसतोय. त्यो म्या हळदीनं भरला. इमान आंदळं झालं, मंग ते उसात जाईल न्हाई तर काय करंल? हिच्या हाताचा काय दोष न्हाई. हिला त्याच दिशी कळलं हुतं. पर सासूचं नाव वटात आणलं न्हाई. आपल्या डोक्यावर घेतलं. हिनं इमान राखलं."

अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "कंचं इमान?"

आत्तींनी जरा विचार केला. "दोनी बी."

आधी एक हसली, मग सगळ्या हसायला लागल्या. मी मात्र तिथंच बांधावर बसले. इतक्या वर्षांत आत्तींनी माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं, आणि केलं ते स्वतःला भर गावात उघडं पाडून. मला त्यांचा अभिमान वाटला. आजही वाटतो.

अध्यक्षीणबाईंचा ऊस ओढ्याला लागूनच होता. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मंग बसलीस काय? आण की यंत्र. आत्ता उडव, माज्या उसावर. बगूया."

यंत्र आणायला वडील माझ्याआधी पळाले. बातमी कळली तसे पारावरचे पुरुषही आले. त्यातले एक आजोबा काठी आपटत म्हणाले, "आज पंचमी हाय. रानात काय बी करायचं नस्तं."

आत्ती झोक्यावरूनच म्हणाल्या, "औत घालायचं न्हाई, खुरपं लावायचं न्हाई. इमान कुटं मातीला पाय लावतंय?"

"पर औषद मारनार न्हवं? आज जीव मारू न्हाई."

"आवं औषद न्हाई, खत हाय त्यात. तुमी समदी दिंडं खाऊन आलायसा, आन् उसानं उपाशी ऱ्हायाचं व्हय?"

आजोबांनी काठी बगलेत मारली आणि बघायला पुढच्या रांगेत जागा धरली.

मी टाकी भरली, बॅटरी बसवली. वडिलांनी एकेक आटा पुन्हा बोटांनी तपासला, पोटाखालची काच आपल्या नव्या धोतराच्या सोग्यानं पुसली आणि जमलेल्या लोकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "विमान कुणी काढलं, ठावं हाय?" गोष्ट गावाला नवीन होती, त्यामुळं पुष्कळांनी ऐकलं. मी सगळ्यांना मागं सरकवलं, रिमोट गळ्यात घातला, अंगठे जागेवर ठेवले. पुन्हा उसात गेलं तर आता सांगायला भंडारासुद्धा नव्हता.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि आत्ती पुढं आल्या. हात कनवटीला. त्यांनी भंडाऱ्याची पुडी सोडली.

"आवं विहीणबाई..." वडिलांच्या तोंडून निघालं.

आत्ती यंत्रापाशी आल्या. त्याच्याकडं एकवार बघितलं, मान हलवली आणि त्याला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगाला मेंढरांचा आणि पुरणाचा वास येत होता. अंगठ्यावर भंडारा घेऊन त्यांनी माझ्या कपाळाला दाबून लावला.

"इमानाला न्हाई लावत," त्या म्हणाल्या. "इमानवालीला लावते. आन् डोळं मीट, न्हाईतर तू बी उसात जाशील."

मी डोळे मिटले. त्यांनी आणखी एक बोट ओढलं, मग मागं सरकल्या आणि सगळ्यांना हातानं मागं लोटत ओरडल्या, "सरा मागं! पोरीला जागा द्या!"

मी डोळे उघडले आणि इमान वर घेतलं.